खोली कुणाच्या नावावर?

मुंबईत आपलं कुणीतरी असतंच. कोकणातल्या नाही तर घाटावरच्या कुठल्याही घरात विचारून बघा. कुणाचे काका गिरणीत होते, कुणाची आत्या गिरगावात दिली होती, कुणाचा चुलतभाऊ गोदीत कामाला होता. आणि ‘आमची मुंबईला खोली आहे’ हे वाक्य गावात काय तोऱ्यात म्हटलं जायचं! आमच्या चिपळूणकडे तर लग्न जमवताना मुलाची शेती किती, हे नंतर. आधी प्रश्न, मुंबईत खोली आहे का?

ती खोली म्हणजे किती, तर दहा बाय सोळा! आपल्याकडच्या पडवीएवढी. पण त्या एका खोलीच्या जोरावर गावची घरं उभी राहिली, मुलं शिकली, आजारी माणसं केईएम आणि टाटा हॉस्पिटलचे उपचार घेऊन परत आली. आता या खोल्या ज्या इमारतींत आहेत, त्या शंभरीला टेकल्यात. काही पाडल्या, काही पाडायच्या रांगेत आहेत. त्यांच्या जागी टोलेजंग टॉवर येताहेत. त्या निमित्ताने आपल्या राजधानीतल्या या जुन्या इमारतींविषयी लिहावंसं वाटलं. कारण आपण बायकांनी त्या इमारती जितक्या वापरल्या, तितक्या पुरुषांनीही वापरल्या नसतील. आणि कागदावर मात्र आपलं नाव शोधून सापडत नाही.

मुळात या चाळी आल्या कुठून? खासगी मालकांच्या चाळी गिरगाव, लालबाग भागात आधीपासून होत्याच. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत तर १८९३ सालापासून सार्वजनिक गणपती बसतोय. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव म्हणून त्याचा मान. १९०१ साली लोकमान्य टिळक तिथे येऊन गेले होते. पण १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, अंधाऱ्या घरांचं काय करायचं, हा प्रश्न सरकारच्या दारात येऊन बसला. मग १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने बांधल्या त्या बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षं राहिले. ते परदेशात शिकत असताना त्या दोन खोल्यांच्या संसाराचं ओझं रमाबाईंनी किती हाल सोसून वाहिलं, ते आपण वाचलेलं असतं. पुढे दादरला ‘राजगृह’ बांधलं. पण रमाबाईंना ते मोठं घर जेमतेम लाभलं. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. परळची ती चाळ मी पाहिलीये. जिना चढताना मला बाबासाहेबांच्या पुस्तकांपेक्षा रमाबाईंच्या हंडा-कळशीची आठवण जास्त आली, हे खरं सांगते.

बीआयटीनंतर आली बीडीडी. म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. साल १९२०, गव्हर्नर जॉर्ज लॉइड. गिरण्या जोरात होत्या, कामगारांना राहायला जागा नव्हती. सरकारने बेत केला पन्नास हजार खोल्या बांधायचा. त्यासाठी कर्ज काढलं, शिवाय कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर लावला. प्रत्यक्षात झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळीला १२१ चाळी, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. एकूण २०७. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ८० बिऱ्हाडं! सगळं सिमेंट काँक्रीटचं. वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीला रिकाम्याच पडल्या होत्या, आणि १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात सरकारने तिथे चक्क तात्पुरता तुरुंग केला. ज्या इमारतीचा तुरुंग करायला फारसं काही बदलावं लागत नाही, ती राहायला कशी असेल, तुम्हीच विचार करा.

आता गंमत बघा. याच खात्याकडे दुसरंही एक काम होतं, समुद्र बुजवून जमीन करायचं. बॅक बे रिक्लेमेशन. पैसा पाण्यासारखा गेला, काम रेंगाळलं, बॅरिस्टर नरिमन यांनी त्यावर टीकेची झोड उठवली. लोक त्याला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणायला लागले. पण त्या भराव टाकलेल्या जमिनीवर १९३० नंतर ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्या आज आपण मरीन ड्राइव्हला आणि ओव्हल मैदानासमोर बघतो. गोल कोपऱ्यांच्या, बोटीच्या डेकसारख्या बाल्कन्यांच्या, दर्शनी भागावर रंगीत पट्टे आणि नक्षी. या शैलीला आर्ट डेको म्हणतात. मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यावरची ‘सूना महल’ १९३७ ची. ओव्हलसमोरच्या अशा इमारती आणि पलीकडच्या व्हिक्टोरियन इमारती मिळून २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या.

त्या इमारतींतल्या घरांचं मोठं आकर्षण काय होतं, माहितेय? घरातल्या घरात संडास-बाथरूम! सेल्फ कंटेन्ड ब्लॉक. स्वयंपाकघराच्या मागे नोकरमाणसांसाठी वेगळा जिना. म्हणजे एकाच खात्याने एकीकडे ज्या जमिनीची सोय केली, तिथे बाईसाहेबांना स्वतंत्र न्हाणीघर मिळालं. आणि दुसरीकडे जी घरं बांधली, तिथे वीस बिऱ्हाडांच्या बायका मजल्याच्या टोकाला रांगेत उभ्या. वारसा म्हणून पाटी पहिलीला लागली. हरकत नाही, इमारती देखण्या आहेतच. पण वारसा म्हटलं की दुसरीसुद्धा आठवावी, एवढंच.

माझी आत्या वरळीच्या बीडीडीत होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं जायचो. सिनेमात दाखवतात तशी उघडी, हवेशीर गॅलरी बीडीडीला नव्हती हं. ती गिरगावच्या चाळींना. बीडीडीत मधून पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या. भर दुपारी दिवा लावावा लागे. खोलीत एका कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा, कॉटखाली ट्रंका, भिंतीला दांडी. आत्याच्या घरात सात माणसं आणि वर आम्ही. काका रात्रपाळी करून सकाळी आले की ते झोपणार, म्हणून आम्हा मुलांची रवानगी पॅसेजमध्ये. सगळ्या मजल्याची मुलं तिथेच. कुणाची आई कुणाला जेवायला घालतेय, याचा हिशेब नसायचा.

हे सगळं आठवून आपण हळवे होतो. ‘चाळीत किती माया होती’ वगैरे. होती ना. पण आत्याला विचारलं असतं, तर तिने पहिल्यांदा संडासाचं सांगितलं असतं. रात्री-अपरात्री बाईने जायचं कसं? पॅसेजचा बल्ब गेलेला. सोबत कुणाला तरी उठवायचं. मग संध्याकाळनंतर पाणीच कमी प्यायचं. आत्याला मूतखड्याचा त्रास होता, तो त्यातूनच असं माझी आई नेहमी म्हणायची. पाळीच्या दिवसांत तर बोलायलाच नको. पहाटे चारला नळ येणार म्हणून साडेतीनला उठून पिंप, बादल्या, कळश्या. वरच्या मजल्यावर पाणी चढलं नाही की खालून भरून आणायचं. बाळंतपण करायला गावी पाठवायचे, त्याचं कारण ‘पहिलं माहेरी’ ही रीत तर खरीच. पण बाळंतिणीला टेकायला खोलीत जागा कुठे होती?

आणि तरीही, या गैरसोयीतूनच बायकांनी केवढं काही उभं केलं! गिरणगावात गावाकडून एकटे आलेले हजारो पुरुष. त्यांना जेवू कोण घालणार? चाळीतल्या बायकांनी दहा-दहा, वीस-वीस जणांची खाणावळ चालवली. त्याच दहा बाय सोळात! महिन्याच्या शेवटी पैसे मिळायचे, तोपर्यंत वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना एकत्र करून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. बँकांकडून कर्ज मिळवून दिलं, सावकाराचा फास सैल केला. जिच्याकडे गहाण ठेवायला काही नाही, तिच्या भाकरीवर बँकेने विश्वास ठेवायचा, ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट!

गिरगावचं उदाहरण तर तुमच्या रोजच्या ताटातलं आहे. १५ मार्च १९५९ ला तिथल्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका जमल्या. उसने घेतलेले ८० रुपये, आणि चार पाकिटं पापड. तेच आजचं लिज्जत! त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गच्ची. गच्ची सगळ्यांची होती. तिला कुलूप नव्हतं. वाळत घालायला कुणाची परवानगी लागली नाही. भांडवलातला मोठा वाटा त्या उन्हाचा होता असं म्हणा ना.

१९७२ ला महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी लाटणं मोर्चे काढले. ठरल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. चाळीत असा निरोप पोचवायला किती वेळ लागतो? एकीने दारातून दुसरीला हाक मारायची, झालं! आणि १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा घरात बसलेल्या नवऱ्यांना आणि शाळकरी पोरांना याच बायकांनी जगवलं. कुणी धुणीभांडी धरली, कुणी भाजीची टोपली घेतली, कुणी घरी बसून बटणं लावून दिली. आमच्या आत्याने डबे केले. काका पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. घर डब्यांवर चाललं, तरी भाडेपावती काकांच्याच नावाने फाटत राहिली.

आता मी मूळ मुद्द्यावर येते. खोली मिळायची ती कामगाराला. कामगार म्हणजे पुरुष. त्यामुळे पावती त्याच्या नावावर. तो गेला की मुलाच्या नावावर. मधली बाई पाणी भरत राहिली.

आणि ज्या बायका मुंबईला गेल्याच नाहीत त्यांचं काय? आपल्यापैकी कितीतरी जणींच्या सासवा, आज्या अशा होत्या. नवरा मुंबईला, त्याची मनिऑर्डर येणार. ही गावी शेती, गुरं, सासू-सासरे बघणार. गणपती आणि शिमग्याला नवरा यायचा तेवढाच संसार. आमच्या महिला मंडळात अशाच एक ताई येतात. साठीच्या आहेत. त्यांच्या यजमानांची लालबागला एका खासगी चाळीत खोली. पागडीची. चाळीस वर्षं ते तिथे राहिले, ताई इकडे. सोबतीला पुतण्या होता. यजमान चार वर्षांपूर्वी वारले. आता चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झालीत, बिल्डर घरटी कागद गोळा करतोय. ताई मला म्हणाल्या, “मॅडम, खोली माझीच ना? मी बायको ना त्यांची?”

मी वकीलबाईंना विचारलं. खासगी चाळींना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू होतो. (बीडीडी सरकारी, तिथलं प्रकरण वेगळं.) त्यात काय आहे, तर राहत्या जागेचा भाडेकरू वारला की, त्याच्या मृत्यूच्या वेळी कुटुंबातलं जे माणूस त्याच्यासोबत तिथे राहत असेल, त्याच्याकडे भाडेकरूपण जातं. तसं कुणीच राहत नसेल, तर वारसाकडे. आपसात एकमत झालं नाही, तर कोर्ट ठरवणार. म्हणजे बघा, ‘बायको’ एवढंच पुरत नाही. ‘सोबत राहणारी’ हवी! आणि ताई तर राहत होत्या गावी, त्याच नवऱ्याच्या आई-वडिलांची सेवा करत. मुंबईच्या रेशनकार्डावर नाव नाही, मतदार यादीत नाही, लाइट बिलाशी संबंध नाही. पुतण्याकडे हे सगळं आहे. तो ‘कुटुंबातला’ म्हणायचा की नाही, यावर आता वकील वाद घालताहेत. पुतण्याही काही वाईट नाही हो. काकांचं शेवटचं दुखणं त्यानेच काढलं. पण घर म्हटलं की...

प्रकरण अजून मिटलेलं नाही. मात्र त्यानंतर मी आमच्या मंडळात एक काम सुरू केलं. ज्यांची म्हणून मुंबईत खोली आहे, त्यांना सांगते, पावती काढून बघा. कुणाच्या नावाने आहे? कितीतरी जणींच्या पावतीवर अजून वारलेल्या आजेसासऱ्यांचं नाव निघालं! नवरा हयात असतानाच मालकाला रीतसर अर्ज करून ते सरळ करून घ्यायला हवं. नवरा-बायको दोघांची नावं घालायला मालक तयार असेल तर फारच उत्तम. वाटणी, समजुती तोंडी झाल्या असतील, तर त्या कागदावर आणा. ‘घरातल्या घरात कसला कागद’ म्हणणारे दीर-भावजय चांगलेच असतात, पण त्यांच्या पुढची पिढी कशी निघेल, कोण सांगणार? नवीन इमारतीत जागा मिळणार असेल, तर करारनाम्यात नाव कुणाचं हे सही करण्याआधी वाचा. आणि सोसायटीच्या फॉर्मवर आपलं नाव नॉमिनी म्हणून घातलंय, एवढ्यावर निश्चिंत राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटी नॉमिनीशी व्यवहार करते. हक्क मात्र वारसांचा असतो, मृत्युपत्र असेल तर त्याप्रमाणे.

एक बरी गोष्ट झालीये. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर राहतं घर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्या एक टक्क्यासाठी का होईना, पुरुषमंडळींना बायकोचं नाव आठवायला लागलं. आमच्याकडच्या एका गृहस्थांनी तर मला अभिमानाने सांगितलं, “फ्लॅट हिच्या नावावर केला, तीस हजार वाचले!” वहिनींच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. त्यांना तीस हजारांचं काहीच नव्हतं. त्या नावाचंच कौतुक होतं.

जुन्या इमारती पाडू नयेत, जपाव्यात असं काही लोक म्हणतात. मला ते पटत नाही. निदान बीडीडीबाबत तरी नाही. त्या मोरीत आणि त्या रांगेत जिने आयुष्य काढलं, तिला विचारा की जपायचंय का. शिवाय जुन्या इमारतींची दुरुस्ती कशी होते, हे आपण बघतोच. भाडं इतकं कमी की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला सोडवत नाही, आणि मधल्या मध्ये भिंती फुगतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. सकाळची वेळ होती, घराघरांत चहा-नाश्त्याची गडबड असणार. अशा घरात चूल पेटवणाऱ्या बाईला वारशाचं कौतुक कुठून येणार?

बीडीडीच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन झालं २०१७ मध्ये. म्हाडाकडे काम. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, मालकीचं, फुकट. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ ला चाव्या मिळाल्या. माझ्या आत्याची सून, आमच्या वहिनी, त्यांतल्याच. आत्या आज नाही. काकाही नाहीत.

दिवाळीनंतर मी वहिनींकडे जाऊन आले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दोन-दोन संडास! वहिनींनी मला घर दाखवायला सुरुवात केली ती तिथूनच. दार उघडून, दिवा लावून, फ्लश करून दाखवला. “रात्री दोनदा उठते मी मुद्दाम,” म्हणाल्या आणि खूप हसल्या. खिडकीतून लांबवर समुद्राची रेघ दिसते. खाली मात्र बघवत नाही, पोटात गोळा येतो. गच्चीला कुलूप आहे. पापड-कुरडया यंदा गावाहून पाठवा म्हणाल्या.

घराचं मुख्य दार त्या दिवसभर उघडंच ठेवतात. बाकी मजल्यावर बरीचशी दारं बंद. पहिल्या महिन्यात त्यांना करमेना, म्हणून त्यांनी आणि समोरच्या दोघी-तिघींनी लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत सतरंजी टाकून भाजी निवडायला सुरुवात केली. वॉचमनने एकदा टोकलं, मग सोडून दिलं. मी गेले तेव्हाही चार जणी मेथी निवडत बसल्या होत्या. मीही टेकले. विषय चालला होता सोसायटीच्या सर्टिफिकेटचा. कुणाकुणाची नावं घालणार म्हणून. एक आजी, ऐंशीच्या तरी असतील, मेथीची जुडी सोडता सोडता म्हणाल्या, “मी मुलाला सांगितलंय, माझं नाव पहिलं. तुझं दुसरं.”

बाकीच्या हसल्या. आजी हसल्या नाहीत. त्यांनी दुसरी जुडी घेतली.